दोन दिवस घरी, तीन दिवस कार्यालयात : हिशेब नक्की कोणाचा?

आठवड्याचे काही दिवस कार्यालयात आणि काही दिवस घरून, अशा हायब्रिड पद्धतीने काम करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या वेळी आली. त्यांतील काही निवडक पत्रे येथे संक्षिप्त रूपात घेतली आहेत. कार्यालयातील अडचणी उघडपणे लिहिणाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी अनेक वर्षे लेखापरीक्षणाच्या क्षेत्रात काम करते. सध्याच्या संस्थेत आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची मुभा आहे. दुसऱ्या एका संस्थेने अधिक पगार देऊ केला आहे, परंतु तेथे पाचही दिवस कार्यालयात जावे लागेल. वाढीव पगारातून प्रवासाचा खर्च आणि वेळ वजा केल्यास सध्याचीच नोकरी बरी वाटते. तरीही या हिशेबात काही तरी धरायचे राहून गेले आहे, अशी रुखरुख लागते. काय राहिले असावे?

उत्तर : आपण लेखापरीक्षण करता, तेव्हा जमेची बाजू नेहमी आधी आणि ठळकपणे दिसते व खर्चाच्या काही नोंदी फार उशिरा हाती येतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. हायब्रिड पद्धतीचेही तसेच आहे. तिचे फायदे त्याच दिवशी मिळतात आणि मोजता येतात. तिचे बरेचसे खर्च मात्र संथपणे साचतात आणि पुष्कळदा ते दुसऱ्याच कोणाच्या तरी खात्यावर पडतात.

आधी फायद्याकडे पाहू, कारण तो खरा आहे. अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने 2021 आणि 2022 मध्ये 27 देशांतील कर्मचाऱ्यांची पाहणी केली. घरून काम केल्याने प्रवासाचा वेळ दिवसाला सरासरी 72 मिनिटे वाचतो, असे तीत आढळले. त्या वेळेचे पुढे काय झाले, ही त्या पाहणीतील मला अधिक रोचक वाटलेली बाब आहे. वाचलेल्या वेळेपैकी सुमारे 40 टक्के वेळ पुन्हा कामातच गेला, 34 टक्के विश्रांती व करमणुकीत गेला आणि 11 टक्के मुलांची किंवा घरातील इतरांची काळजी घेण्यात गेला. म्हणजे 72 मिनिटांपैकी जवळजवळ अर्धा तास कामानेच परत घेतला. आपण वाचलेला सगळा वेळ स्वतःच्या खात्यात जमा धरला असेल, तर तो आकडा आधी तपासून घ्यावा. दोन आठवडे घरच्या दिवसांची साधी नोंद ठेवली, काम कधी सुरू झाले आणि प्रत्यक्षात कधी संपले एवढे जरी लिहिले, तरी चित्र पुरेसे स्पष्ट होईल.

याच गटाच्या पाहणीनुसार, आठवड्यातून दोन-तीन दिवस घरून काम करण्याच्या सोयीचे मोल कर्मचारी सरासरी पगाराच्या सुमारे 5 टक्के इतके मानतात. स्त्रिया, लहान मुले असलेले पालक आणि लांबून येणारे कर्मचारी ते याहून अधिक मानतात. ही सरासरी म्हणजे नियम नव्हे, तरीही तुलनेला ती उपयोगी पडेल. नव्या पगारातील वाढ यापेक्षा थोडीच जास्त असेल, तर ती वाढ प्रत्यक्षात दिसते तेवढी मोठी नाही.

घरून काम केल्याने बढती मागे पडते का, ही भीती आपल्या पत्रात शब्दांत नसली तरी दोन ओळींच्या मधून डोकावते. यावर एक चांगला पुरावा उपलब्ध आहे. ट्रिप डॉट कॉम या चिनी प्रवास कंपनीत 2021-22 मध्ये सहा महिने एक प्रयोग झाला. अभियांत्रिकी, विपणन, लेखा अशा विभागांतील 1,612 कर्मचाऱ्यांपैकी काहींना बुधवार आणि शुक्रवार घरून काम करू दिले आणि उरलेल्यांना पाचही दिवस कार्यालयात बोलावले. कोणाला कोणत्या गटात घालायचे, हे जन्मतारीख सम आहे की विषम यावरून ठरवले गेले, त्यामुळे वशिल्याला वाव नव्हता. घरून काम करणाऱ्या गटात नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. पुढील दोन वर्षांच्या मूल्यांकनांत आणि बढत्यांत मात्र दोन्ही गटांमध्ये उल्लेखनीय फरक दिसला नाही. प्रयोगापूर्वी काम सरासरी 2.6 टक्क्यांनी घसरेल असे मानणाऱ्या व्यवस्थापकांचे मत प्रयोगानंतर 1 टक्का वाढ, असे बदलले.

यावरून निश्चिंत होण्यापूर्वी त्याच कंपनीतील जुना प्रयोगही पाहावा. 2010-11 मध्ये, कंपनीचे नाव सीट्रिप असताना, कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्यांना नऊ महिने आठवड्याचे चार दिवस घरून काम करू दिले होते. त्यांचे काम 13 टक्क्यांनी वाढले, परंतु कामाच्या मानाने त्यांना मिळालेल्या बढत्या कमी होत्या. प्रयोग संपल्यावर निम्म्या लोकांनी कार्यालयात परतणे पसंत केले, आणि त्यामागचे एक मोठे कारण एकटेपणा हे होते. दोन्ही प्रयोगांतील कामाचे स्वरूप वेगळे होते, त्यामुळे सरळ तुलना करता येत नाही. तरीही घरी दोन दिवस आणि घरी चार दिवस या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे म्हणायला हरकत नसावी. आपले दोन दिवस सुरक्षित बाजूचे आहेत.

आता राहून गेलेल्या नोंदी. जुन्या प्रयोगात कंपनीची प्रत्येक कर्मचाऱ्यामागे वर्षाला सुमारे 2,000 डॉलर बचत झाली आणि तिचा सर्वांत मोठा भाग कार्यालयीन जागेचा होता. जी जागा कार्यालयाला लागली नाही, ती कोणाच्या तरी घरात लागली. टेबल, पाठीला आधार देणारी खुर्ची, वीज, इंटरनेट आणि मुख्य म्हणजे दार लावून घेता येईल अशी खोली, यांचा खर्च आपल्याकडे आला आहे. संस्था त्यातील काही भाग उचलते का, हे सध्याच्या ठिकाणीही विचारण्यासारखे आहे. दुसरी नोंद ओळखींची. आपल्या विभागाबाहेरची माणसे, ज्यांच्याशी आज काम पडत नाही पण तीन वर्षांनी पडेल, त्यांच्याशी परिचय वाढण्याची संधी घरच्या दिवशी नसते. आपल्याला अनेक वर्षांचा अनुभव आहे, त्यामुळे ही पुंजी आपल्याकडे आधीच असावी, आणि म्हणून हा खर्च आपल्याला कमी जाणवेल. पुढे एका नवोदिताचे पत्र आहे, त्याची गोष्ट वेगळी आहे.

माझे मत विचाराल तर, प्रवास लांबचा असेल आणि घरचे दिवस खरोखर शांत जात असतील, तर केवळ पगारासाठी बदल करू नये. परंतु नव्या ठिकाणचे काम वेगळे आणि अधिक जबाबदारीचे असेल, तर प्रवासाच्या मिनिटांवरून त्या संधीचा निकाल लावणे योग्य ठरणार नाही.

प्रश्न : मी एका विभागाचा प्रमुख आहे. प्रत्येकाने आपापल्या सोयीने कार्यालयाचे दिवस निवडावेत, असे ठरवले होते. आता अवस्था अशी आहे की, जे येतात ते हेडफोन लावून घरी असलेल्या सहकाऱ्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलत बसतात. मग येण्याचा उपयोग काय, असे ते विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नसते. दिवस सक्तीने ठरवून द्यावेत का?

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. प्रवासाचा त्रास कार्यालयाचा आणि एकटेपणा घरचा, अशी ही दोन्हीकडून तोट्याची मांडणी झाली आहे, आणि ती फार ठिकाणी दिसते, कारण ‘ज्याला जे सोयीचे’ हे धोरण ऐकायला उदार वाटते.

माणसे जवळ असण्याने नेमके काय होते, हे समजून घेतले तर दिवस ठरवणे सोपे जाईल. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील थॉमस ॲलन यांनी 1970 च्या दशकात अभियंत्यांमधील संवादाचा अभ्यास केला. दोन व्यक्तींच्या बसण्याच्या जागांमधील अंतर वाढले की त्यांच्यातील संवाद झपाट्याने घटतो आणि साधारण 50 मीटरच्या पुढे तो अगदी नाममात्र उरतो, असे त्यांना दिसले. म्हणजे एकाच इमारतीत, पण वेगवेगळ्या मजल्यांवर बसवलेली माणसेही एकमेकांना दूरचीच असतात. आपण सर्वांना एकाच दिवशी बोलावले आणि मिळेल त्या टेबलावर विखरून बसवले, तर फार काही हाती लागणार नाही.

अलीकडचा एक अभ्यास मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील 61,182 कर्मचाऱ्यांचा आहे. 2020 च्या पूर्वार्धात सगळे घरी गेल्यावर, आपल्या गटाबाहेरील लोकांशी सहकार्य करण्यात जाणाऱ्या वेळेचा वाटा सुमारे एक चतुर्थांशाने घटला आणि समोरासमोर किंवा फोनवर तत्काळ होणाऱ्या संवादाची जागा ईमेल व लेखी संदेशांनी घेतली. तो महासाथीचा काळ होता आणि ती हायब्रिड पद्धत नव्हती, हे विसरता कामा नये. दिशा मात्र कळते : जवळच्या सहकाऱ्यांशी संबंध टिकून राहतात, शेजारच्या विभागाशी असलेला धागा तुटतो.

तिसरा अभ्यास आपल्याला थेट उपयोगी आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात दोघादोघांच्या जोड्यांना नव्या कल्पना सुचवायला सांगितले होते. समोरासमोर बसलेल्या जोड्यांना व्हिडिओवरील जोड्यांपेक्षा अधिक कल्पना सुचल्या. सुचलेल्या कल्पनांमधून चांगली कोणती हे निवडण्यात मात्र व्हिडिओवरील जोड्या मागे पडल्या नाहीत. संशोधकांचे स्पष्टीकरण असे की, व्हिडिओवर नजर पडद्यावर खिळते आणि नजरेबरोबर विचारही आखडतो. तेव्हा नवे काही शोधायचे असेल, मतभेद मिटवायचे असतील, कोणाला शिकवायचे असेल, तर ते काम एकत्र येण्याच्या दिवशी ठेवावे. आढावा, मंजुरी, निवड यांसाठी कोणाला प्रवास करायला लावू नये.

आता सक्तीविषयी. दिवस ठरलेले असावेत, याबाबत माझ्या मनात शंका नाही. ते वरून लादण्याऐवजी विभागाने बसून ठरवावेत आणि निदान सहा महिने बदलू नयेत, कारण घरातील इतर माणसांची व्यवस्था त्यावर बेतलेली असते आणि दर पंधरवड्याला बदलणारे वेळापत्रक कोणालाच परवडत नाही. एकत्र येण्याच्या दिवशी बाहेरच्यांशी होणारे व्हिडिओ कॉल शक्यतो लावू नयेत. बैठकीत एक जण जरी घरून सामील होणार असेल, तर कार्यालयातील प्रत्येकाने आपापल्या पडद्यावरून बोलावे. नाहीतर खोलीतील चौघे आपसांत बोलतात आणि पाचवा नुसता ऐकतो.

प्रशासनाशी या विषयावर बोलाल, तेव्हा एक अडचण येईल, ती आधीच सांगून ठेवतो. हायब्रिड पद्धतीमुळे निम्मी टेबले कमी करता येतील, अशी प्रशासनाची अपेक्षा असते. सगळे एकाच दिवशी येणार असतील तर त्या दिवशी सगळी टेबले लागतात. जागेची बचत आणि एकत्र येण्याचा लाभ, ही दोन्ही एकाच वेळी पूर्णपणे मिळत नाहीत. वेगवेगळ्या विभागांना वेगवेगळे दिवस दिले तर जागा वाचते, पण मग शेजारच्या विभागाशी तुटलेला धागा तुटलेलाच राहतो. यातले काय निवडायचे, हे संस्थेने उघडपणे ठरवावे. बहुतेक संस्था ते न ठरवताच टेबले कमी करून मोकळ्या होतात.

प्रश्न : सॉफ्टवेअर क्षेत्रातील ही माझी पहिलीच नोकरी आहे. मी रोज कार्यालयात जातो, पण माझे वरिष्ठ बहुतेक दिवस घरीच असतात. प्रत्येक शंका संदेश लिहून विचारावी लागते आणि ‘एवढेही येत नाही का’ असे त्यांना वाटेल, या भीतीने मी अर्ध्या शंका विचारतच नाही. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : आपले काही चुकत नाही, मात्र आपले नुकसान होते आहे, आणि ते आपल्या वरिष्ठांच्या लक्षातही आलेले नसण्याची शक्यता आहे.

अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीच्या सॉफ्टवेअर अभियंत्यांवर झालेला एक अभ्यास आपल्या पत्राचेच वर्णन करतो. तेथील काही टीम एकाच इमारतीत बसत, तर काही थोड्या अंतरावरील दोन इमारतींत विभागलेल्या होत्या. एकत्र बसणाऱ्यांना त्यांच्या कोडवर सहकाऱ्यांकडून अधिक सूचना मिळत. महासाथीत सगळे घरी गेले आणि हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. जवळ बसण्याचा लाभ नवोदितांना आणि स्त्रियांना अधिक होता. याची दुसरी बाजूही त्याच अभ्यासात आहे : जवळ बसल्यामुळे अनुभवी अभियंत्यांचे स्वतःचे काम कमी होत असे, कारण त्यांचा वेळ शिकवण्यात जात असे.

म्हणून घरी राहणारे वरिष्ठ आळशी किंवा स्वार्थी आहेत, असे मी म्हणणार नाही. त्यांच्या मूल्यांकनात स्वतःचे काम मोजले जाते आणि शिकवणे मोजले जात नाही. घरच्या शांत दिवशी त्यांचे काम भरभर होते व आकडे चांगले दिसतात. त्या शांततेचा खर्च आपण न शिकलेल्या गोष्टींतून भागवला जातो आणि संस्थेला तो काही वर्षांनी कळतो, जेव्हा अनुभवी माणसे निघून जातात आणि त्यांच्या जागी उभे राहू शकेल असे कोणी तयार झालेले नसते. सुरुवातीला ‘खर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडतो’ असे लिहिले, ते विशेषतः यासाठी.

आपल्या हातात असलेल्या गोष्टी थोड्या आहेत, पण आहेत. आपण रोज कार्यालयात जाताच; वरिष्ठ कोणत्या दिवशी येतात ते पाहून त्या दिवशी त्यांच्याजवळ बसावे. त्यांच्याकडे रोज अर्धा तास ठरवून मागावा. ठरलेल्या वेळी विचारलेली शंका व्यत्यय वाटत नाही आणि विचारणाऱ्यालाही संकोच वाटत नाही. ते एखादी अवघड चूक शोधत असतील, तेव्हा त्यांचा स्क्रीन पाहत बसण्याची परवानगी मागावी, कारण अनुभवी माणूस कोणत्या क्रमाने शंका घेतो आणि काय सोडून देतो, हे कोणत्याही दस्तऐवजात लिहिलेले नसते. शंका लिहिताना आपण काय करून पाहिले, तेही लिहावे; म्हणजे ‘एवढेही येत नाही का’ या प्रश्नाला जागाच उरत नाही. एवढे करूनही फरक पडला नाही, तर व्यवस्थापकांशी बोलावे. ती तक्रार ठरत नाही. नवोदिताला शिकवण्याची जबाबदारी कोणाची आहे, हे त्यांनी ठरवायचेच असते.

प्रश्न : माझे पती आठवड्यातील तीन दिवस घरून काम करतात. त्या दिवशी मुलांनी आवाज करायचा नाही, दूरदर्शन संच लावायचा नाही, पाहुणे बोलवायचे नाहीत. त्यांच्या कार्यालयाला घरून काम फायद्याचे वाटते. आमच्या घराचा हिशेब कोण करणार?

उत्तर : कार्यालय तो करणार नाही, कारण त्याच्या कोणत्याही नोंदीत आपण आणि मुले येत नाही. तो घरातच बसून करावा लागेल.

आपण सर्व जण जी शांतता पाळता, तिचे मोल किती असते, याची कल्पना चेन्नईत झालेल्या एका प्रयोगावरून येईल. तेथे संगणकावर माहिती भरण्याचे काम करणाऱ्या काहींना घरून व काहींना कार्यालयातून काम दिले गेले आणि निवड सोडतीने केली गेली. घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता 18 टक्क्यांनी कमी निघाली. ज्यांनी घरून काम करणे पसंत केले होते, त्यांची उत्पादकता घरी तब्बल 27 टक्क्यांनी कमी होती. कार्यालय पसंत करणाऱ्यांची 13 टक्क्यांनीच. ज्यांच्यावर मुलांची किंवा घरातील इतरांची जबाबदारी असते, त्यांना घरी राहण्याची गरज अधिक असते आणि तेथे व्यत्ययही अधिक येतात, हे लक्षात घेतले तर या उलट्या वाटणाऱ्या आकड्यांचे नवल वाटत नाही. ज्याच्या घरी व्यत्यय दुसरे कोणी तरी झेलते, त्याचे काम घरी चांगले होते. आपल्या घरी ते ‘दुसरे कोणी तरी’ आपण आहात.

पतींना दोष न देता दोन गोष्टी मागता येतील. पूर्ण दिवस शांततेऐवजी, ज्या तासांत त्यांच्या बैठका आहेत तेवढेच तास सकाळी सांगून ठेवावेत आणि उरलेल्या वेळी घर नेहमीसारखे चालावे. आणि जो प्रवासाचा वेळ वाचतो, त्यातील काही भाग घरकामासाठी नेमून द्यावा; ‘जमेल तसा’ म्हटले की तो मिळत नाही. उलट बाजूही न्यायाची आहे : ते घरी आहेत म्हणून मुले त्यांच्यावर सोपवून बाहेर जाता येईल, अशी अपेक्षा कामाच्या तासांत ठेवू नये.

प्रश्न : हायब्रिड पद्धतीने प्रदूषण कमी होते, असे आमचे व्यवस्थापन सांगते. खरे आहे का?

उत्तर : दिवसांवर अवलंबून आहे. अमेरिकेतील परिस्थितीवर आधारित 2023 च्या एका अभ्यासानुसार, आठवड्यातून दोन ते चार दिवस घरून काम केल्यास कामाशी निगडित कार्बन उत्सर्जन 11 ते 29 टक्क्यांनी घटू शकते. एकच दिवस घरी राहिल्यास घट अवघी 2 टक्के. कार्यालयातील दिवे आणि वातानुकूलन पूर्वीसारखेच सुरू ठेवून शिवाय घरी वेगळी वीज वापरली, तर बराचसा लाभ तिथेच संपतो.

प्रश्न : मी स्वागतकक्षात काम करते. घरून काम हा विषय निघाला की आम्हाला कोणी विचारतच नाही. आमच्यासाठी या पद्धतीत काय आहे?

उत्तर : आज बहुतेक ठिकाणी काहीच नाही, आणि संस्थेतील कुरबुरीचे ते एक खरे कारण आहे. कामाची जागा बदलता येत नसेल, तरी वेळ बदलता येते. पाळ्यांचे वेळापत्रक महिनाभर आधी मिळणे, सहकाऱ्याशी पाळी बदलून घेण्याची मुभा, आठवड्याचे तास चार दिवसांत पूर्ण करण्याचा पर्याय, अशा गोष्टी मागता येतात. ब्रिटनमध्ये 6 एप्रिल 2024 पासून कर्मचाऱ्याला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचिक कामासाठी अर्ज करण्याचा अधिकार आहे आणि त्यात जागेबरोबरच कामाचे तास व दिवसही येतात. मागणी एकट्याने करण्याऐवजी सर्व पाळ्यांतील सहकाऱ्यांनी मिळून, लेखी करावी.

प्रश्न : घरून काम असलेल्या दिवशी रात्री उशिरापर्यंत संदेश येत राहतात. ‘तुम्ही घरीच तर होता’ असे ऐकावे लागते. उत्तर न देण्याचा अधिकार असतो का?

उत्तर : काही देशांत तो कायद्याने मान्य केला आहे. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून, 50 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना या अधिकाराबाबत कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. पोर्तुगालने 2021 मध्ये एक पाऊल पुढे टाकून, कर्मचाऱ्याच्या विश्रांतीच्या वेळी संपर्क न करण्याचे बंधन मालकावर घातले. ऑस्ट्रेलियात 26 ऑगस्ट 2024 पासून कामाच्या वेळेबाहेर आलेल्या संदेशांना उत्तर देण्यास कर्मचारी नकार देऊ शकतो, मात्र तो नकार अवाजवी नसावा. आपल्याला कोणता नियम लागू होतो, हे आपल्या नियुक्तीपत्रातील कामाच्या तासांच्या कलमावरून आणि स्थानिक कामगार कायद्यावरून ठरेल.

कायदा नसला तरी विभागात एवढे ठरवून घेता येते : रात्री सुचलेला मजकूर रात्री जरूर लिहावा, पण वेळ लावून तो सकाळी पाठवावा, आणि खरोखर तातडीचे असेल तर संदेश न पाठवता फोन करावा. फोन करणारा माणूस करण्यापूर्वी निदान एकदा घड्याळाकडे पाहतो, त्यामुळे तातडीच्या कामांची संख्या आपोआप कमी होते.